मामा येईस्तोवर

"आयला, ही पिन कुठं खुपसायची?"

त्या लग्नात मी बोललेलं हे पहिलं वाक्य. आणि ते चारी भोंग्यांतून अख्ख्या मांडवानं ऐकलं. माईक चालू आहे हे मला माहीतच नव्हतं.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या, पांढऱ्या कडक इस्त्रीतल्या एका माणसानं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, की मी मशीनच्या मागं खालीच बसलो. ते हणमंतराव शेलार. नवऱ्या मुलाचे वडील.

मी काय साऊंडवाला नव्हतोच. साऊंडवाला माझा दोस्त सुभाना. तो काविळीनं पिवळा होऊन घरी पडलेला. "निवास, लाल बटण वर, काळं बटण खाली. बाकी काय नसतंय त्यात," एवढं शिक्षण देऊन त्यानं मशीन, भोंगे आणि वायरींचं गाठोडं टेम्पोत घातलं आणि मला पाठवून दिलं. मी पण निघालो. माझं तेव्हा सगळं असंच चाललेलं. बारावीला बसलो, पण पुस्तक उघडलं आदल्या दिवशी. वायरमनचा कोर्स केला, निम्मा. टेम्पो चालवायला शिकलो तो गिऱ्हाइकाचं सामान घेऊन जाताना. एकच गोष्ट मनापासून जमायची, ती म्हणजे गावच्या टेनिस बॉलच्या मॅचची कॉमेंट्री. कारण तिची तयारी करताच येत नाही. पुढचा बॉल कुठं जाणार ते बॉलरला पण माहीत नसतं.

लग्न होतं धरणाच्या पाण्याकाठी, वाकीच्या वाडीत. तिकडं गाडीरस्ता पाण्याच्या ह्या काठाला संपतो. तिथून पुढं लाँच. वाडीतली पोरं शाळेला लाँचनं जातात, बाजार लाँचनं येतो, आजारी माणूस लाँचनं दवाखान्यात जातो. तर वऱ्हाडही लाँचनंच येणार.

मला सकाळी ज्यानं पलीकडं नेलं तो लाँचवाला म्हणजे नवरीचा मामा. आनंदामामा. काळा, बारका, आवाज मात्र इंजिनावर मात करणारा. डोक्याला नवाकोरा गुलाबी फेटा.

"भोंगा असा कडेला नको ठेवू रं. मांडीवर घे. लेकरू घेतात तसा."

"पडला तर?"

"पडला तर मासं लग्न ऐकतील."

मी भोंगा मांडीवर घेऊन बसलो. मामा सुकाणू धरून भाचीचं सांगत होता. हर्षदा लहान असतानाच तिचा बाप गेला. तेव्हापासून बहीण आणि भाची मामाच्या आधारानं. पोरगी रोज त्याच्याच लाँचमधून शाळेला गेली, नंतर कॉलेजला गेली. बसायची त्याच्या पाठीमागच्या फळीवर, दप्तर मांडीवर घेऊन.

"इतकी वर्सं ती माझ्या पाठीमागं बसली," मामा म्हणाला. "आज मी तिच्या पाठीमागं उभा ऱ्हाणार. मग घिऊन जाऊ द्या ज्याला न्यायचंय त्याला."

आमच्याकडं मामा मुलीला बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपून अंतरपाट निघेपर्यंत तिच्या मागं उभा राहतो. हे सगळीकडंच असतं. पण मामानं ते असं सांगितलं, जसं ह्यासाठीच तो लाँच चालवायला शिकला.

तर मी पिन कुठंतरी खुपसली. गाणी सुरू झाली. दोन लाँचा भरून वऱ्हाड उतरलं होतं, एक मामाची आणि एक शेलारांनी भाड्यानं केलेली. मामाचा फोन माझ्याच बोर्डावर चार्जिंगला लावलेला. तेवढ्यात मला दिसलं, मामा खुर्च्यांमधून फिरतोय. वाकून वाकून बायकांच्या घोळक्यात बघतोय, काहीतरी पडल्यासारखं. मग तो आतल्या खोलीच्या दारापाशी गेला, नवरीला "आलोच" एवढंच म्हणाला आणि लगालगा उताराला लागला, पाण्याकडं. थोड्या वेळानं लाँचचा आवाज आला, आणि लांब लांब गेला.

मला वाटलं, बर्फ आणायला गेला असेल.

मुहूर्त दुपारचा. पावणेबाराला ओगलेगुरुजी बोहल्याजवळ आले. म्हातारे, चष्म्याला दोरा बांधलेला, शांत माणूस. मला म्हणाले, "माईक धरून जवळ उभा राहा. स्टँड नाही का?"

"स्टँड आणायचा राहिला."

"बरं. मग तूच स्टँड."

मग त्यांच्या सांगण्यावरून मी पुकारलं, "मुलाचे मामा, मुलाला घेऊन बोहल्यावर या." आले. "मुलीचे मामा, मुलीला घेऊन बोहल्यावर या."

कोणी आलं नाही.

परत पुकारलं. बायकांची कुजबुज सुरू झाली. हर्षदाची आई दारात आली आणि तिनं कुणाकडून तरी फोन घेऊन लावला. रिंग माझ्या बोर्डावरच वाजली. सगळ्या मांडवानं माझ्याकडं बघितलं. मी मामाचा फोन उचलून दाखवला, जसा काय मीच तो चोरला होता.

हणमंतराव उठले. "काय चाललंय? मामाला भाचीच्या लग्नाला सवड न्हाय का?"

"येतील पाव्हणं," नवरीचा चुलता, रघुनाथकाका, हात जोडून म्हणाला. "इतक्यात येतील. गेलेत जरा पल्याड."

"आज पल्याड? आत्ता?"

"न सांगता गेलेत हो. काय तरी तातडीचं असंल."

"तातडीचं म्हंजे काय, लग्नापेक्षा तातडीचं? मुहूर्त कुणासाठी थांबत न्हाय. तुम्ही आणा पोरीला. चुलता काय परका असतो?"

रघुनाथकाकानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी घड्याळाकडं. आणि आणली पोरीला. हिरवा शालू, मुंडावळ्या, मान खाली. पाटावर उभी राहिली ती पाण्याकडं पाठ करून. मधे अंतरपाट धरला, एका टोकाला तिचा चुलतभाऊ आणि दुसऱ्या टोकाला मुलाचा दोस्त. मी माईक घेऊन गुरुजींना चिकटून. म्हणजे नवरीपासून एक हातावर.

गुरुजींनी घसा साफ केला. तेवढ्यात मुंडावळ्यांच्या आतून आवाज आला, एकदम हळू.

"ओ साऊंडवाले."

मी इकडं तिकडं बघितलं.

"तुमालाच. माईक तुमच्याच हातात ऱ्हाणार ना?"

"हो."

"मग मामा येईस्तोवर तो सोडू नका."

"म्हणजे?"

"मंगलाष्टकं चालू असली तर लग्न लागत नाय. आणि मधे तोडता पण येत नाय." तिनं एकदाच मान वर केली. रडत नव्हती. डोळे मात्र काठोकाठ भरलेले. "मामा माझ्या मागं उभा असल्याबिगर हा पडदा निघाला ना, तर मी जन्मभर मागं वळून बघत बसंन. तुमाला जमंल ते करा. पाया पडते."

मी आजपर्यंत कुणाला 'जमणार नाही' असं म्हटलेलंच नव्हतं, कारण काय जमतं हेच मला माहीत नव्हतं.

"बघू," मी म्हटलं. "होईल."

गुरुजींनी सुरुवात केली. पहिलं झालं, दुसरं झालं. प्रत्येक कडव्याला अक्षता उडत होत्या. मग मुलाच्या आत्यानं म्हटलं एक, कागदावरून. त्यात सगळ्या घराण्याची नावं. मग हर्षदाच्या मैत्रिणींनी म्हटलं, दोघींनी, दोन वेगळ्या सुरांत. मी प्रत्येकीच्या तोंडापुढं माईक धरत होतो आणि पाण्याकडं बघत होतो. मांडवाची ती बाजू उघडीच होती. पाणी नुसतं चमकत होतं. त्यावर काही नाही.

आणि मग दिसली. पार पलीकडच्या काठावरून एक ठिपका सुटला.

"आली," मी हळूच म्हटलं. नवरीचे खांदे सैल झाले.

ठिपका निम्म्या पाण्यात आला आणि थांबला.

नुसता थांबला. आवाज पण बंद.

इकडं गुरुजींनी शेवटचं कडवं घ्यायला तोंड उघडलं. मी माईक बाजूला घेतला. गुरुजींचं तोंड उघडंच.

"गुरुजी," मी माईकवर हात ठेवून म्हटलं, "मामा आहेत तिथं. पाण्यात. थांबलेत."

गुरुजींनी चष्म्यातून पाण्याकडं बघितलं. मग नवरीकडं. मग माझ्याकडं.

"तुला मंगलाष्टकं किती येतात?"

"एकही नाही."

"मग भरपूर म्हणता येतील," गुरुजी म्हणाले, आणि एक पाऊल मागं सरकले.

माईक माझ्या हातात. समोर सगळा मांडव. शब्द एकही नव्हता. पण चाल मला येत होती. ती कुणाला येत नाही? पाळण्यात असल्यापासून लग्नं ऐकतोय. म्हटलं, चाल म्हणजे रूळ, शब्द काय, डबे. जोडत जायचे. मी डोळे मिटले, स्वयंपाकघराकडून वास आला, आणि तोंड सुटलं:

"आले लोक किती दुरून सगळे, वाढा तयांना जरा,
बुंदी गोड, कढीत मीठ पुरते, आहे मसाला खरा..."

कुर्यात सदा मंगलम् म्हणेपर्यंत मांडवात असा हशा पिकला की आचारी पळी घेऊन बाहेर आला आणि हात जोडून वाकला. अक्षता धो धो पडल्या. मी डोळे उघडले. मी जिवंत होतो!

अंतरपाट धरणारा पोरगा कुजबुजला, "अजून आहे?"

"आहे."

"आरं, हात भरून आलं माझं."

"हात बदल."

दुसरं घेतलं. त्यात डोंगर घातला, करवंदं घातली, मुलाचे बूट घातले, कारण ते समोर दिसत होते. वृत्त बित्त कुठं लंगडलं तर मी तो शब्द ओढून लांब करायचो. लोकांना वाटायचं आलाप आहे. तिसऱ्याला लोकांच्या हातातले तांदूळ संपले. बायका रिकाम्या मुठी उडवायला लागल्या. मग एक म्हातारी ओरडली, "आरं, तांदूळ आणा की कोठीतनं!" आणि कच्च्या तांदळाची पाटीच फिरायला लागली.

मी मात्र पाण्याकडं बघत होतो. लाँच तिथंच. मधूनच कुणीतरी वाकल्यासारखं दिसायचं. नवरीला दिसत नव्हतं म्हणून ती कासावीस. मान वळवायची नाही, समोर पडदा. एका कडव्याच्या शेवटी ती म्हणाली, "कुठाय?"

आता हे तिला कसं सांगू? माईक तोंडापुढं, सगळ्यांचे कान माझ्यावर.

मग मला सुचलं. अरे, हीच तर मॅच! बॉल हवेत आहे, कुठं पडणार माहीत नाही, आणि मैदान न दिसणाऱ्या माणसाला ते सांगायचंय. हे तर मला येतं. हे एवढंच तर येतं.

"पाणी शांत, निळे समोर दिसते, नौका कुठे थांबली,
मामा येइल, तोवरी तर जरा घेऊ दमाने, मुली..."

पहिल्यांदा मांडवाच्या लक्षात आलं. एकेक मान पाण्याकडं वळली. "आरं, ती आनंदाचीच लाँच." "बंद पडली का काय?" "वल्हं मार म्हणावं!" जणू तो ऐकणार होता. पोरं काठाकडं पळाली.

आणि हणमंतराव उठले.

"बास!" ते बोहल्यापाशी आले. लाल झालेले. "हा कोण? हा साऊंडवाला ना? गुरुजी, काय पोरखेळ मांडलाय? लावा लग्न!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मंगलाष्टक चालू असताना मधे तोडता येत नाही, हणमंतराव. शुभ नसतं."

"पण ह्याचं संपणार कधी?"

"ते मी कसं सांगू? त्याचं त्याला माहीत नाही."

"एका माणसासाठी दोनशे माणसं उन्हाची उभी! काय रीत हाय का ही? आमच्या घरात असलं चालत न्हाय. आमच्यात वेळेला सगळी माणसं जागेवर असतात!"

हे वाक्य मी विसरणं शक्य नाही. त्यावेळी मला नुसती भीती वाटली. माईक काढून घेतला असता तर संपलंच असतं. पण त्यांचा हात माईककडं येताना मी पुढचं कडवं सुरू करून टाकलं, थेट त्यांच्या तोंडावर, हसून, मान झुकवून:

"व्याही हो, बसुनी जरा बघत जा पाण्याकडे, शांत हो..."

पुढची ओळ मला सुचलीच नाही. मी तीच परत म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली तर मांडवानं माझ्यामागं उचलली, दोनशे माणसांनी. हणमंतराव अडकले. दोनशे माणसं आपल्याला 'बसा' म्हणून गातायत म्हटल्यावर माणूस काय करणार? खुर्चीत जाऊन बसले. पण नजर माझ्यावर. ती नजर सांगत होती, लग्न होऊ दे, मग तुला बघतो.

आणि तेवढ्यात, टक्... टक्... टक्...

लाँच हलली! धूर ओकत, रडतखडत, चालणाऱ्या म्हशीपेक्षा हळू, पण हलली. पोरं काठावरून ओरडायला लागली. मी तर आता मंगलाष्टक म्हणत होतो का कॉमेंट्री, मलाच कळत नव्हतं. चाल तीच, आवाज वर चढलेला:

"आली लाँच, पहा वळून इकडे, मामा सुकाणूवरी,
कोणी एक बसे उन्हात पुढती, छत्री धरूनी करी..."

हे मी म्हटलं आणि मलाच प्रश्न पडला. कोणी एक? कोण?

लाँच काठाला टेकली. मामानं उडी मारली. मग तो परत वळला, वाकला, आणि त्या छत्रीवाल्या माणसाला पाठकुळीला घेऊन चढ चढायला लागला. पळतच. म्हातारी होती. निळं लुगडं, एका हातानं मामाचा गळा धरलेला, दुसऱ्या हातात छत्री, उघडीच. छत्री वाऱ्यानं उलटी झालेली. पोरं दोन्ही बाजूंनी पळतायत, कुत्रं भुंकतंय, मी कडवं ओढतोय ओढतोय, 'मंगलम्'मधला 'मं' संपतच नाही.

मामा मांडवात शिरला. घामानं निथळलेला, हात काळे, डोक्यावर फेटा नाही. सगळं लक्षात येत होतं आणि काहीच येत नव्हतं. तो सरळ पहिल्या रांगेत गेला आणि हणमंतरावांच्या शेजारी म्हातारीला अलगद उतरवलं.

"आई?" हणमंतराव म्हणाले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वऱ्हाड दोन लाँचांत आलेलं. ह्या लाँचवाल्यांना वाटलं, आजी त्या लाँचमध्ये. त्या लाँचवाल्यांना वाटलं, ह्या लाँचमध्ये. आणि आजी पल्याडच्या काठावर, झाडाखाली, छत्री घेऊन एकटी. नवऱ्या मुलाची सख्खी आजी. आणि हे दोनशे माणसांत एकट्या मामाच्या लक्षात आलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. व्याह्यांची शोभा नको, म्हणून गुपचूप लाँच काढली, भाचीचं लग्न सोडून.

मी मामाकडं बघितलं. त्यानं काळं झालेलं बोट ओठावर ठेवलं.

पण आजीला कोण गप्प बसवणार? तिनं छत्री मिटली, पदर सारखा केला, आणि लेकाकडं वळून तोंड उघडलं. हणमंतराव बसलेले बोहल्याला लागून, माईक माझ्या हातात, त्या दोघांपासून जेमतेम दोन हात. चारी भोंगे फुल्ल.

सकाळी मला माहीत नव्हतं माईक चालू आहे की बंद. आता माहीत होतं.

मी माईकच्या दांड्यावरचं बटण खाली केलं.

"लाईट गेली!" मी ओरडलो. "एक मिनिट, लाईट गेली, कुणी हलू नका!"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आपलं नुसता सूर धरला, ऊं ऊं करत, म्हणजे तुटायला नको.

त्या मिनिटात आजी लेकाला काय बोलली ते चौघांनी ऐकलं, मी, गुरुजी, मामा आणि ते स्वतः. मांडवाला फक्त तिचे ओठ हलताना आणि छत्रीचं टोक जमिनीवर आपटताना दिसलं. "हणम्या, भांडी मोजून आणलीस, वाजंत्री मोजून आणलेस, आन् आई मोजायची ऱ्हायली व्हय रं?" हे त्यातल्या त्यात सौम्य. हणमंतरावांची मान खाली. इस्त्रीचा कडकपणा पार गेलेला. मग आजीनं त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "बस झालं. लगीन लाव आता."

मामा जाऊन हर्षदाच्या मागं उभा राहिला. नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर शालूवर काळा डाग पडला. तिनं वळून बघितलं नाही. तिला कळलं.

बटण वर. लाईट 'आली'.

"आले सर्व वऱ्हाड आज पुरते, राही न कोणी तिथे,
मामा पाठिशि ये तुझ्या, बघ मुली, डोळे पुसावे इथे..."

आणि गुरुजी, मी आणि सगळा मांडव मिळून: शुभमंगल सावधान! अंतरपाट सुटला. धरणाऱ्या पोरांचे हात तसेच वर राहिले, खालीच येईनात. वाजंत्री वाजली, तांदळाचा पाऊस पडला, आणि मी मशीनच्या मागं जाऊन मटकन बसलो. तांब्याभर पाणी एका दमात.

जेवणाच्या पंगतीत आजीनं मला बोलावून घेतलं.

"तूच का रं तो भोंग्यातला?"

"हो, आजी."

"लांच बंद पडली तवा पाण्यावर समदं ऐकू येत हुतं. बुंदीचं, कढीचं. आनंदा म्हणला, आजी, ज्याअर्थी हा वरडतोय त्याअर्थी पडदा काढला न्हाय अजून. घाई करू या. मला निम्मंच समजलं. परत म्हण बघू पहिल्यापास्नं."

मी आठवायला गेलो. एक ओळ येईना. खरंच सांगतो, एकही नाही. आत्ता वर लिहिली ती पोरांनी मोबाईलवर घेतली होती म्हणून.

"आजी, ते गेलं."

"गेलं?"

"गेलं."

"मग नवीन म्हण," आजी म्हणाली आणि पापड मोडला.

मी नवीन म्हटलं. तिच्यावरच. छत्री आणि निळं लुगडं घालून. पंगत ताट वाजवायला लागली.

हणमंतराव वाढायला फिरत होते, हातात बुंदीचं ताट. माझ्यापाशी थांबले. मी मान वर केली नाही.

"लाईट गेली न्हवती," ते म्हणाले.

"न्हवती."

"हं."

पानात बुंदीची रास पडली. ते पुढं गेले, परत मागं आले. "आमच्या धाकट्या भावाच्या पोरीचं मार्गशीर्षात हाय. मोकळा हायेस का?"

"हाय की. ह्या वेळी नीट तयारी करून येतो, पाव्हणं."

"नगं," हणमंतराव म्हणाले. "असाच ये."

तिथून माझं निवेदनाचं काम सुरू झालं, ते आजतागायत. लोक विचारतात, कुठं शिकलात? मी म्हणतो, पाण्याकाठी.

पण मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं. नवरी शेलारांच्या लाँचनं गेली. उन्हं उतरायला लागली तेव्हा मामानं मला आणि भोंग्यांना परत सोडलं. मी भोंगा मांडीवर घेऊन बसलो. आता न सांगता. मागच्या फळीवर कोणी नव्हतं आणि मामा मधूनमधून तिकडं बघत होता.

मग इंजिनाच्या फळ्या थोड्या उचकटलेल्या होत्या तिथून मला आत दिसलं. इंजिन थंड ठेवायला पाणी नेणारी जाड नळी. आणि तिच्यावर गच्च आवळून, पिळून, गाठीवर गाठ मारून गुंडाळलेला गुलाबी फेटा. नवाकोरा. आता काळा, ओला, कडेनं थेंब थेंब गळणारा.

"ही फुटली होती?"

"मधोमध. भसकन."

"आधी कधी फुटली होती?"

"न्हाय बा. एवढ्या वर्सांत पैल्यांदाच."

"मग तुम्हाला कसं माहीत काय करायचं ते?"

मामानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"कुणाला माहीत हुतं? आजी म्हणती, आनंदा, आता रं? मी म्हणलं, झालं, संपलं समदं. डोक्याला हात लावून बसलो." त्यानं बोडक्या डोक्यावर हात ठेवून दाखवला. "तर हाताला फेटा लागला."

मी हसायला लागलो. तो पण. मोठ्यानं, इंजिनाच्या वर. मला त्या दिवसापर्यंत वाटायचं, जगात सगळे तयारीनं येतात आणि मी एकटाच असा, न वाचता परीक्षेला बसलेला.

तेवढ्यात गाठ सैल झाली. पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर.

"भोंगा ठेव खाली!" मामा ओरडला. "धर ती! दोन्ही हातानं!"

"कशी धरू?"

"धर म्हंजे कळंल!"

मी धरली.